दिवे लावले की डिझेल उतरतं

सोलापुरात अक्कलकोट नाक्याजवळ पीरसाब वायरमनचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते पीरसाब म्हणायचा म्हणून; एरवी तीन बाजूंना पत्रा, चौथ्या बाजूला रस्ता आणि मधोमध एक लाकडी खोकं, एवढाच तो कारभार. पण चौऱ्याहत्तर सालच्या सुमाराला नाक्यावर एखाद्या ट्रकचा हॉर्न मुका झाला, दिवा फडफडायला लागला किंवा डॅशबोर्डवरचा काटा झोपला, की ड्रायव्हर लोक दुसरीकडं बघायचेच नाहीत. इंजिनाचे मिस्त्री तिथं पाच होते. विजेचा हा एकटा, आणि आपण एकटे आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

वीज तो शिकला तंबूतल्या सिनेमात. जत्रेजत्रेनं फिरणाऱ्या एका तंबूत जनरेटर सांभाळायला म्हणून राहिला, आणि सात वर्षं पडद्याकडं पाठ करून जनरेटरकडं बघत बसला. हिरो कोण, हिरॉइन कोण, शेवटी लग्न झालं का नाही, याचा त्याला पत्ता नसायचा. पण पंखा किती सुरात फिरतोय हे डोळे मिटून सांगायचा. पुढं तंबू मोडला आणि पीरसाब ट्रककडं वळला. वायर सोलायला त्याला पक्कड लागायची नाही, पुढचे दोन दात पुरायचे. बॅटरीत जोर किती आहे ते वायरीचं टोक जिभेला लावून सांगायचा, आणि सांगताना चेहरा असा करायचा जणू आमटीत मीठ बघतोय.

आणि त्याची ती लाल वायर. एका बंद पडलेल्या गिरणीच्या लिलावात त्याला लाल वायरीची अकरा भेंडोळी मिळाली होती. तेव्हापासून पीरसाबनं हात लावला त्या गाडीत सगळ्या वायरी लाल. दिव्याची लाल, हॉर्नची लाल, डिझेलच्या काट्याची लाल. मग ओळखायची कशी? तर प्रत्येक वायरीच्या टोकाला चादरीचं सूत गुंडाळलेलं. शेजारच्या यंत्रमागावर रंगीत सूत उरायचं, ते हा आणून ठेवायचा. निळं कशाला, पिवळं कशाला, हिरवं कशाला हे फक्त त्याच्या डोक्यात. कुणी विचारलंच तर म्हणायचा, तुमाला कळलं तर तुमी माझ्याकडं कशाला येताल? या एका गोष्टीत मात्र तो खरं बोलायचा.

आता एवढा गुणी माणूस म्हटल्यावर एखादी खोड असणारच. पीरसाबचं कधी चुकायचं नाही. म्हणजे काम बिघडायचं, पण चुकायचं दुसऱ्याचं. बल्ब उडाला तर कारखान्याचं चुकलं, वायर जळाली तर ड्रायव्हरचं चुकलं, दोन्ही नसेल तर उंदराचं चुकलं. एकदा अक्कलकोटला लग्नाला निघाला आणि भलत्याच बसमध्ये बसून मोहोळला जाऊन उतरला. घरी आल्यावर म्हणाला, बसच चुकीची आली होती. त्याची बायको कमरुन्निसा शेजारणींना सांगायची, की अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द या माणसाच्या तोंडून मी ऐकलेले नाहीत, मरायच्या आत एकदा ऐकायचेत. शेजारणी हसायच्या. कमरुन्निसाही हसायची, पण ती गंमत पुरती गंमत नव्हती.

तर हे असं चाललेलं असताना बाळीवेशीतल्या गुरुबसप्पांच्या गाडीचं प्रकरण झालं.

गुरुबसप्पांची एकच गाडी. जुनी, गोल नाकाची, चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे घेऊन पुण्याला जायची आणि टेंभुर्णीमार्गे पहाटे परत यायची. तिच्यावर ड्रायव्हर सोमलिंग, मैंदर्गीचा. अठरा वर्षं त्याच एका गाडीवर. या अठरा वर्षांत त्यानं गाडीला खरचटू दिलं नव्हतं आणि मालकाला उलट शब्द बोलला नव्हता. डिझेलचा काटा मरून कैक वर्षं झाली होती, पण सोमलिंगाचं त्याच्यावाचून अडत नव्हतं. टाकीत बांबूची काठी घालायचा, ओल कुठवर आली बघायचा आणि पुढच्या प्रवासाला निघायचा.

मग डिझेल महागलं. एकदम इतकं महागलं, की गुरुबसप्पांसारख्या शांत माणसाचीही झोप उडाली. त्यांनी पीरसाबला बोलावून सांगितलं, काटा जिवंत करून दे, टाकीत काय आहे ते मला काचेत दिसलं पाहिजे. पीरसाबनं दोन दिवस खपून टाकीत नवा तरंगता गोळा बसवला, नवी लाल वायर ओढली आणि डॅशबोर्डच्या खालच्या पत्र्याच्या पट्टीवर एक बोल्ट मारून वरून घुमटीचं, गोल डोक्याचं पितळी नट बसवलं. त्या नटाची काही गरज नव्हती, साधं चाललं असतं. पण पितळ चिंचेनं घासून लखलखीत केलं, आपल्या कामावर शोभा पाहिजे म्हणून. काटा उठून उभा राहिला. गुरुबसप्पा खूश झाले आणि पीरसाब आठ दिवस नाक्यावर छाती काढून फिरला.

सात-आठ महिने सगळं सुरळीत चाललं. गुरुबसप्पांचा नेम असा, की पहाटे गाडी दारात आली की अंघोळ करून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून केबिनमध्ये चढायचं, गाडीची पूजा करायची आणि जाता जाता काटा बघायचा. सोमलिंगाला गाडी लगेच शेडमध्ये घ्यायची असायची, त्यामुळं इंजिन चालू, दिवे चालू. तर एका पहाटे त्यांना काटा पाव टाकीवर दिसला. दुपारी बाराला बघितलं तर अर्ध्यावर. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तेच. पहाटे कमी, दुपारी जास्त.

कुणाही माणसाला आधी काट्याचा संशय आला असता. पण गुरुबसप्पांनी काटा हौसेनं बसवून घेतलेला, त्यामुळं त्यांना माणसाचा आला. त्यांनी बसून विचार केला आणि असा निष्कर्ष काढला, की सोमलिंग वाटेत डिझेल काढून कुणाला तरी उसनं देतो आणि दुपारी वसूल करून परत ओततो. आता डिझेल उसनं देणारा आणि इमानानं परत आणून टाकीत ओतणारा चोर त्रिभुवनात कुणी बघितलाय का? पण संशयाला अक्कल नसते, आणि गुरुबसप्पांची तर तेवढ्यापुरती सुट्टीवर गेलेली होती.

त्यांनी गाडी नाक्यावर आणली. चहाच्या हॉटेलापुढं दहा-पंधरा ड्रायव्हर-क्लीनर बसलेले होते. सगळ्यांदेखत त्यांनी पीरसाबला विचारलं, की काटा बरोबर आहे की नाही ते सांग. सोमलिंगानं काठी घालून दाखवली, अर्धी टाकी. पीरसाब केबिनमध्ये चढला, किल्ली फिरवली, काटा अर्ध्यावर. वेळ दुपारची, ऊन रणरणतं, दिवे लावायचं कारणच नव्हतं. काठी आणि काटा जुळले. गुरुबसप्पा म्हणाले, आत्ता जुळतंय, पहाटे नाही जुळत, तेव्हा काट्याला काही होत असेल का?

आता इथं कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, थांबा, बघून सांगतो. पण पंधरा माणसं बघत होती, आणि पीरसाबच्या कामावर पीरसाबच्या तोंडावर कुणीतरी शंका घेत होतं. तो खाली उतरला, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला,

“मालक, माझा काटा खोटं बोलत न्हाय. खोटं बोलायला जीभ लागती.”

पंधराच्या पंधरा माणसं हसली. वाक्य झकास होतं, यात वादच नाही. सोमलिंग मात्र हसला नाही. त्यानं पीरसाबकडं एकदा बघितलं, किल्ली काढून मालकाच्या हातात ठेवली, काठी गाडीच्या चाकाला टेकवून ठेवली आणि एसटी स्टँडच्या वाटेला लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरच नव्हता.

पीरसाबला वाटलं, चार दिवसांनी येईल परत. सोमलिंग आला नाही. ट्रक लायनीत बातमी गाडीच्या आधी पोचते. त्यानं टेंभुर्णीला विचारलं, अक्कलकोटला विचारलं, कुणी त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं नाही. सगळे एकच म्हणायचे, माणूस बरा आहे हो, पण पीरसाब वायरमननं सांगितलंय. दोन महिने गेले. पीरसाबला अधूनमधून त्याची ती नजर आठवायची आणि तो जरा जास्त जोरात वायर सोलायचा.

दोन महिन्यांनी तीच गाडी घेऊन नागप्पा आला. हा नवा ड्रायव्हर, चाळिशीचा, थंड डोक्याचा, बोलणं मोजकं. त्याची तक्रार वेगळीच होती. पुढचे दिवे अंधूक पडतायत, रात्रीची वाट दिसत नाही. पीरसाब गाडीपुढं उभा राहिला, उन्हाला हाताचा आडोसा केला आणि दिवे लावायला सांगितलं. खरंच, कंदिलाएवढा उजेड. म्हणाला, बल्ब बनवणाऱ्याचं चुकलं. बल्ब बदलले, उजेड तेवढाच. बॅटरीची वायर जिभेला लावली, जोर उत्तम. मग म्हणाला, तूच दिवे जास्त जाळतोस. नागप्पा केबिनमध्ये बसून सांगेल तसं बटण ओढत-ढकलत होता. आणि मग तो आतूनच, काही विशेष नसल्यासारखा म्हणाला,

“मिस्त्री, डिझेल उतरलं की.”

पीरसाब म्हणाला टाकी गळत असेल, खाली बघ. नागप्पा उतरला, वाकून बघून आला. थेंब नव्हता. परत बसला आणि म्हणाला, “दिवे लावले की उतरतंय. इजवले की परत येतंय.”

पीरसाब चढला. स्वतःच्या हातानं बटण ओढलं. काटा अर्ध्यावरून पावावर आला. बटण ढकललं, काटा पावावरून अर्ध्यावर गेला. परत ओढलं, परत ढकललं. असं त्यानं सात वेळा केलं. आणि त्याच्या डोक्यात आधी बिघाड आला नाही, आधी सोमलिंग आला. पहाटे गाडी यायची तेव्हा दिवे चालू असायचे. दुपारी नसायचे. एवढीच गोष्ट होती. नाक्यावर त्या दिवशी एक बटण ओढून बघितलं असतं तर पंधरा माणसांदेखत सगळं कळलं असतं.

तरी हात कामाला लागले. हातांना सवय असते. वीज बॅटरीतून निघून दिव्यात जाते, काट्यात जाते, आणि तिथून गाडीच्या लोखंडातनं परत बॅटरीकडं येते. परतीची वाट अडली की सगळंच अडखळतं; आणि दिव्यासारखं जड गिऱ्हाईक त्याच अडलेल्या वाटेवर आलं, की काट्यासारख्या हलक्या गिऱ्हाइकाला वाटच उरत नाही. पीरसाबनं लाल वायरीचा एक तुकडा घेतला. एक टोक काट्याच्या पाठीला, दुसरं थेट बॅटरीला. दिवे लावले. काटा हलला नाही आणि बाहेर दिवे झगझगीत पेटले. म्हणजे वाट अडली होती ती डॅशबोर्डखालच्या त्या बोल्टावर. वायर वाचते म्हणून दिव्यांची आणि काट्याची परतीची वाट त्यानंच त्या एका बोल्टावर आणली होती.

त्यानं बोल्ट चाचपायला हात घातला तर बोटांना काहीतरी मऊ, ओलं लागलं. टॉर्च मारून बघितलं. पितळी नट दिसेना. त्याच्या जागी विभूतीचा एक लहानसा ढीग, त्यावर कुंकू, वाळलेलं बेलाचं पान आणि कडेनं झिरपलेलं पाणी. हिरवं सूत त्याखाली कुठंतरी गाडलं गेलेलं. नागप्पानं शांतपणे सांगितलं, की हा गाडीतला देव आहे. मालक रोज पहाटे त्याच्यावर पळीभर पाणी घालतात, विभूती लावतात. आपणसुद्धा निघताना हात जोडतो. मालकांना आधी वाटलं होतं सोमलिंगानंच बसवला असेल, किती सुबक आहे पिंडी.

पीरसाबनं त्या सुबक पिंडीकडं बघितलं. घुमटी त्यानं निवडली होती, चिंचेनं त्यानं घासली होती. त्यात पाणी मुरलं, राख मुरली, गंज चढला, वीज अडली. यात चूक कुणाची काढावी? बल्बवाल्याची काढता येईना, उंदराची काढता येईना.

मग त्याला एक सोपी वाट सुचली. देवाला हात लावायची गरजच नाही. हातभर नवी वायर घ्यायची, दुसरीकडं एक साधा बोल्ट मारायचा, झालं. पाच मिनिटांचं काम. काटा नीट, दिवे नीट, नागप्पा खूश, मालक खूश, आणि काय झालं होतं ते कुणालाच कळायचं कारण नाही. त्यानं तसं केलं. नागप्पा जेवायला गेला आणि पीरसाबही मागच्या गल्लीत घरी जेवायला गेला.

घरी त्यानं कमरुन्निसाला सगळं सांगितलं. तो तिला सगळं सांगायचा, फक्त स्वतःच्या पद्धतीनं. कसा बिघाड शोधला, कशी बोटं घातली, मालकानं बोल्टावर पाणी ओतून ओतून कसं वाटोळं केलं. कमरुन्निसा भाकरी थापत होती. तिनं सोमलिंगाचं विचारलं नाही. तिनं एवढंच विचारलं, की त्या दिवशी नाक्यावर दिवे लावून बघितले होते का. पीरसाब म्हणाला, ऊन केवढं होतं, दिवे कशाला लावायचे. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

“काटा तो सीधा हो गया जी,” ती म्हणाली. “आदमी का क्या?”

पीरसाब चिडला. तुला विजेतलं काय कळतं, असं काहीतरी म्हणाला. पुढ्यातली भाकरी तशीच ठेवून उठला आणि उन्हात दुकानात येऊन बसला.  त्याला लाज वाटत होती, आणि लाज ही गोष्ट इतकी अनोळखी होती, की आधी त्याला पित्त वाटलं. मग उठला, केबिनमध्ये चढला आणि तासाभरापूर्वी जोडलेली वायर आपल्याच दातांनी तोडून टाकली. स्वतःचं चांगलं चाललेलं काम बिघडवायची ही त्याच्या आयुष्यातली पहिली वेळ.

नागप्पा परत आला, दिवे लावून बघितले, तर परत कंदील. त्यानं पीरसाबकडं बघितलं. पीरसाब म्हणाला, “बिघडवलंय मी. गठ्ठे राहू देत. चल मालकाकडं.”

बाळीवेशीत गाडी भरदुपारी दिवे लावून दारात उभी राहिलेली बघून गुरुबसप्पा बाहेर आले. पीरसाबनं त्यांना सीटवर बसवलं आणि बटण त्यांच्या हाती दिलं. गुरुबसप्पांनी बटण ओढलं, काटा खाली. ढकललं, काटा वर. त्यांना आधी गंमत वाटली, लहान मुलासारखं चार-पाच वेळा केलं. मग त्यांचा हात थांबला. पहाटेचा सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला असावा, कारण ते एकदम म्हातारे दिसायला लागले. बिघाड कुठं आहे म्हणून त्यांनी विचारलं. पीरसाबला सांगणं जिवावर आलं. त्यानं नुसती टॉर्च त्या देवावर धरली.

गुरुबसप्पांनी वाकून त्या ढिगाकडं बघितलं. म्हणाले, “म्हणजे मीच रोज पाणी घातलं, आणि मीच त्याला चोर म्हटलं.”

पीरसाबला इथं ‘व्हय’ म्हणून सुटता आलं असतं. दोष आपण होऊन चालत दुसऱ्याच्या दारात गेला होता, असा योग त्याच्या आयुष्यात पूर्वी आला असता तर त्यानं सोडला नसता. पण तो म्हणाला, मालक, तुमी मला इचारलं होतं. गुरुबसप्पांनी पंचा मागवला, तो ढीग पुसून काढायला ते वाकले, पण पीरसाबनं हात धरला. आत्ता पुसू नका. सोमलिंगानं आधी डोळ्यानं बघितलं पाहिजे. मालक म्हणाले, नागप्पाबरोबर निरोप धाडू. पीरसाब म्हणाला, बदनामी माणसांत झाली, ती निरोपानं फिटत नाही.

आणि ती गाडी भर उन्हात, दिवे लावून, मैंदर्गीच्या वाटेला लागली. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला बोटांची चिमूट उघडझाप करून दाखवायचा, अरे दिवे चालू आहेत, दिवे चालू आहेत. नागप्पा प्रत्येकाला मान हलवून हो म्हणायचा. अक्कलकोटच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं तर गाडीला काठी आडवी घालून थांबवलं आणि दिवसा दिवे लावणाऱ्यांना देव अक्कल देवो असं कानडीत सांगितलं. गुरुबसप्पांनी त्यालाही नमस्कार केला. मधे बसलेला पीरसाब मनातल्या मनात भाषण जुळवत होता. वाट कशी अडते, गंज कसा चढतो, जड गिऱ्हाईक, हलकं गिऱ्हाईक. भाषण चांगलं पंधरा मिनिटांचं झालं होतं आणि त्यात ते दोन शब्द कुठंच आलेले नव्हते.

सोमलिंगाचं घर मैंदर्गीच्या बाजारामागच्या गल्लीत. तो दाराबाहेर कट्ट्यावर कुणाच्या तरी सायकलचं पंक्चर काढत बसला होता. अठरा वर्षं ट्रक हाकलेला माणूस आता पंक्चर काढून चार पैसे मिळवत होता. गाडीचा आवाज त्यानं वळणावरच ओळखला असणार, पण मान वर केली नाही. गल्लीतली माणसं जमली. बायका दारांत आल्या. सोमलिंगाचं दार तेवढं अर्धं लोटलेलं होतं.

गुरुबसप्पा उतरले, टोपी काढली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, की माझ्याकडून फार वाईट झालं. सोमलिंग उठून उभा राहिला, मालकांना नमस्कार केला आणि परत बसला. मग पीरसाब पुढं झाला आणि त्यानं भाषण सुरू केलं. केबिनमध्ये चल, काटा बघ, दिवे लाव, बटण ओढ. सोमलिंग गाडीकडं गेलाच नाही. तेव्हा पीरसाबनं तिथंच, गल्लीत उभं राहून, वीज कुठून निघते आणि कुठून परत येते ते सांगितलं. हातवारे करून सांगितलं. लोक माना डोलवत होते. एकानं तर शेवटी शाबास म्हटलं. सोमलिंगानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“समदं कळलं मिस्त्री,” तो म्हणाला. “गंज आला, वाट अडली. त्यात तुमी काय केलं?”

 पीरसाब अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण ते दोन शब्द जिभेवर कसे ठेवायचे हेच त्याला ठाऊक नव्हतं. बॅटरीच्या वायरीपेक्षा कडू लागले ते.

“मी दिवे लावून बघितलं न्हाय,” तो म्हणाला. “न बघता बोललो. माझं चुकलं.”

सोमलिंगानं हातातला टायर खाली ठेवला. त्याचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला. म्हणाला, मला पोचलं. पण घरात चन्नम्मा आहे. गावाला कळल्यापासून दोन महिने ती उजाडायच्या आत पाणी भरून आणते आणि दिवसभर दाराबाहेर पडत नाही, चोराची बायको म्हणून कुणी बघू नये म्हणून. तिनं अठरा वर्षांत मालकाच्या डिझेलचा वास लागलेलं फडकंसुद्धा घरात येऊ दिलं नव्हतं.

“तिला तेवढं ऐकू जाईल असं म्हणा,” तो म्हणाला.

पीरसाबनं इकडंतिकडं बघितलं. गल्लीतली सगळी माणसं बघत होती, नाक्यावर होती त्याच्या दुप्पट. तो त्या अर्ध्या लोटलेल्या दारासमोर जाऊन उभा राहिला. जनरेटरच्या आवाजावर ओरडायची सात वर्षांची सवय होती त्याला, ती सगळी त्यानं लावली.

“चन्नम्मा, मी पीरसाब वायरमन. माझं चुकलं. तुमच्या माणसानं कदी थेंब चोरला न्हाय. मी न बघता खोटं बोललो, माझं चुकलं.”

 गुरुबसप्पा टोपी हातात धरून उभे होते. सोमलिंग जमिनीकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तो पुसत नव्हता.

आत भांड्याचा आवाज झाला. मग दार पुरतं उघडलं आणि चन्नम्मा बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट केलेला, कपाळाला विभूती, काखेत रिकामी घागर. तिनं पीरसाबकडं बघितलं नाही, नवऱ्याकडंही बघितलं नाही. दारांत उभ्या असलेल्या बायकांच्या मधून, एकेकीच्या तोंडाकडं बघत, ती सावकाश बाजारातल्या नळाकडं चालत गेली. दुपारी त्या वेळेला नळाला पाणी नसतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण तिला ते कुणी सांगितलं नाही.